बिहीचा खण

मोरोक्कोच्या डोंगरातल्या तिमझ्रित गावाच्या कोठाराची लाकडी किल्ली हातभर लांब होती आणि तुदा ती पाठीला बांधून हिंडायची. नवख्याला वाटावं, बाईनं तान्हं मूल घेतलंय. मूल तिला झालंच नाही. लग्नानंतर दीड वर्षात नवरा, बिही, फ्रान्सच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला. तीन वर्षं पत्रं आली, मग थांबली. त्यालाही आता एकेचाळीस वर्षं झाली होती. कोठाराची राखण सासऱ्यांकडे होती. ते गेल्यावर गावात धडधाकट पुरुष उरला नव्हता, म्हणून ती तुदाकडे आली. बाईमाणसाच्या हाती किल्ली म्हणून पुरुषांनी नाकं मुरडली, पण तीही कासाब्लांकाची बस पकडता पकडता.

कोठार टेकडीच्या माथ्यावर, तीन मजली, चौऱ्याऐंशी खणांचं. प्रत्येक घराचा एक खण, प्रत्येक खणाला दार, आणि दाराच्या तळाशी मांजरापुरतं भोक. नियम एकच आणि कडक. खण धन्याच्याच हातानं उघडायचा. धनी मेला असेल, तर वारसानं दोन साक्षीदारांसमोर दारावर हात ठेवून तशी शपथ घ्यायची. कोठारात खोटी शपथ घेणाऱ्याचा वंश बुडतो असं सगळे मानत. "माझं काय बुडवणार?" असं तुदा हसून म्हणायची, पण नियमाला तिच्याइतकं कुणी जपलं नाही.

हम्मू हा तिच्या दिराचा मुलगा. कासाब्लांकात मोबाइलची कव्हरं विकून कंटाळला आणि परत आला. शाळेत नऊ मुलं उरली होती. शाळा बंद झाली की उरलेली सतरा घरंही उठणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यानं संस्था काढली. कोठार दुरुस्त करायचं, खाली पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या, लोकांना बोलवायचं. बायकांनी टोपल्यांनी माती वाहिली, म्हाताऱ्यांनी आर्गन झाडाच्या तुळया तासल्या. तुदानं हट्टानं शहरात गेलेल्या सगळ्यांना निरोप धाडले. माणसं बसनं आली, आपापला खण उघडून रडली, कुसकुस जेवून परत गेली. त्र्याऐंशी खण उघडले. राहिला बिहीचा.

आणि नेमकी त्याच खणाची तुळई तडकली होती. वरची अख्खी रांग तिच्यावर उभी होती. ब्राहिमदा हा गावातला म्हातारा गवंडी, त्यानं सांगितलं होतं, आतून टेकू दिला नाही तर सगळं खाली येईल.

"काकू, आता तरी शपथ घे," हम्मू चहा ओतता ओतता म्हणाला.

"तो मेलाय हे तुला कुणी सांगितलं?"

"जिवंत असते तर एकेचाळीस वर्षांत एखादं कार्ड तरी टाकलं असतं."

"तुझा काका आळशीच होता."

"पोरी," ब्राहिमदा म्हणाला, "तुळई काही तुझ्या नवऱ्याची वाट बघत थांबणार नाही."

तुदानं चहाचा पेला पालथा घातला आणि विषय संपवला. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. भर दुपारी माणसं जेवायला खाली गेली की बिहीच्या खणातून धान्य मापल्याचा आवाज यायचा. आधी माप जवात खुपसल्याची खरखर, मग ओतल्याची सरसर. पुन्हा खरखर. पहिल्यांदा तिला उंदीर वाटले. पण कोठारातली मांजरं प्रत्येक भोकातून आत-बाहेर करत आणि या एका भोकापुढे नुसती ओळीनं बसून राहत. आत जात नसत. मेलेला माणूस धान्य मापत नाही, म्हणजे बिही जिवंत आहे, असा हिशेब तिनं मनाशी केला होता. जिवंत माणूस बंद खणात कसा असेल, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. ज्याला उत्तर नको असतं तो विचारत नाही, यात तिचं काही वेगळं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वरच्या भिंतीचा ढेपसा निसटला आणि माती वाहणाऱ्या एका सुनेच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. त्या संध्याकाळी तुदा जेवली नाही. सकाळी तिनं हम्मू आणि ब्राहिमदाला साक्षीला बोलावलं.

तिनं बिहीच्या दारावर हात ठेवला. आत मापणं चालू होतं. "बिही, माझा नवरा, मेला आहे," ती म्हणाली.

आतला आवाज थांबला.

हम्मू नुसता बघत राहिला. ब्राहिमदानं मात्र मान खाली घातली. त्यालाही आजवर ऐकू येत होतं, हे तुदाला तेव्हा कळलं.

कडी सरकली. आत कमरेइतके जव होते, हातानं सपाट केलेले, आणि मधोमध पंज्याची छाप. दार लावण्याआधी धनी अशी छाप उमटवून ठेवत, कुणी धान्याला हात लावला तर कळावं म्हणून. छाप ताजी वाटावी इतकी स्पष्ट होती. तिला अंगठा होता आणि तीनच बोटं.

बिही गेला तेव्हा त्याची पाचही बोटं शाबूत होती. करंगळीशेजारचं बोट खाणीत कोळसा वाहणाऱ्या वाघिणीच्या चाकाखाली गेलं, असं शेवटच्या पत्रात आलं होतं. ते पत्र तुदाला ब्राहिमदानंच वाचून दाखवलं होतं.

"आजोबांच्या वेळी येऊन गेले असतील," हम्मू कसाबसा म्हणाला.

तुदानं एक दाणा उचलून दाताखाली फोडला. "यंदाचा आहे."

ब्राहिमदा हलक्या आवाजात म्हणाला, "शपथ मागे घे, पोरी. दार लावू. कोठार पडायचं तर पडू दे."

हम्मूही 'नको' म्हणाला नाही. तुदा छापेकडे बघत राहिली. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला संताप आला, आयुष्यात कधी आला नव्हता असा.

"इथून माझं घर दोनशे पावलांवर," ती म्हणाली. "दाराला मी कधी कडी घातली नाही. आणि हा इथवर आला. जवाची काळजी होती त्याला."

तिनं हात पुढे केला आणि छाप पुसायला घेतली. जव गरम होते, नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखे. सगळं सपाट होईतो तिनं हात काढला नाही.

"शपथ खरी आहे," ती म्हणाली. "टेकू आणा."

पाहुणे येऊ लागले. शाळा अजून चालू आहे, या वर्षी दोन मुलं वाढली. तुदा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी एकटी वर जाते आणि बिहीच्या खणातले जव हातानं सपाट करून येते. रोज का करावे लागतात, हे तिला गावात कुणी विचारत नाही. पाहुणे मात्र विचारतात, सगळे खण रिकामे आणि हाच कसा भरलेला, कुणाचा हा?

"माझ्या नवऱ्याचा," तुदा सांगते. "मेला तो." आणि हे ती नेहमी आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते.