सुभेदारांनी निवडलेला फळा

"आदी फळा पुसू द्या, बाई," असं म्हणत सुभेदार खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने माझ्या लॅपटॉपचा पडदा पुसत. पडदा स्वच्छ असला तरी पुसत. मग पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसत आणि म्हणत, "हं. आता दाखवा."

मुलांनो, तुम्ही ऑफिसात ज्या ऑनलाइन फळ्यांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवता, त्यांतला एक निवडण्यासाठी हा माणूस दोन आठवडे रोज माझ्या ओसरीवर येत होता. माझे शेजारी. सैन्यात सिग्नलमध्ये नोकरी झालेली, पत्नी गेल्यापासून एकटे. सारं गाव त्यांना नाना म्हणे. मी मात्र सुभेदारच म्हणत असे. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, म्हणून मेनू वाचण्याचं काम माझ्याकडे.

प्रश्न गावाचा होता. नवी शाळा झाल्यावर जुन्या शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. त्यांचं काय करायचं, हे ग्रामपंचायतीने गावाला विचारलं. पण आमचं गाव विट्याजवळचं. निम्मे पुरुष सोनं गाळायच्या दुकानांत, कोणी कोइमतूरला, कोणी गुवाहाटीला; बरेचसे पलटणीत. सुभेदारांना तिथे अभ्यासिका हवी होती. "खोल्या हायत तवर कुणीतरी म्हागारी येईल," ते म्हणत. व्हॉट्सॲपवर विचारून पाहिलं, तर सुप्रभातीच्या फुलांखाली प्रश्न वाहून गेला. "सगळ्यांचं म्हणणं एका जागी, एका नजरंत दिसाय पायजे," असा त्यांचा आग्रह.

मी वहीत रकाने आखले. खातं उघडावं लागतं का, मराठी नीट उमटतं का, साध्या फोनवर दिसतं का. पहिला फळा देखणा होता, पण आत शिरायला ईमेल मागत होता. "आवं बाई, आपला गडी भट्टीपुढं बसलेला. त्यो ईमेल कुठनं आणंल? फुडं." दुसऱ्यावर जोडाक्षरं फुटत. तिसरा त्यांच्या फोनवर उघडेपर्यंत आमचा चहा पिऊन झाला. "ह्यो रणगाडा हाय. फुडं."

चौथा साधा होता. लिंकवर बोट टेकवलं की फळा समोर. त्यांनी आपल्या फोनवरून 'हजर' अशी चिठ्ठी चिकटवली, ती माझ्या पडद्यावर उमटली, आणि एवढे मिशीवाले सुभेदार खुदकन हसले.

लिंक गावाच्या ग्रुपवर गेली. पहिली चिठ्ठी त्यांनीच नावानिशी लावली, 'अभ्यासिका करावी.' दोन दिवसांत फळा भरला. पण सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या चिठ्ठीखाली, वयाच्या क्रमाने, पंगतीला बसल्यासारख्या ओळीने, आणि प्रत्येकीवर 'नानांचं बरोबर हाय.' एवढा मोठा फळा, बाकी सगळा कोरा.

"ह्ये इचार हायत व्हय? ही तर सलामी झाली," सुभेदार वैतागले.

"तुमच्या तोंडावर कोण नाही म्हणेल?"

"मग माझं तोंड झाका, बाई."

आम्ही त्यांची चिठ्ठी काढली, बाकीच्याही काढल्या, आणि कोणी काय लिहिलं ते कळू नये अशी सोय चालू केली. मग मात्र गाव बोलायला लागलं. 'पाडा. गाड्या लावायला जागा होईल.' 'अभ्यासाला पोरं हायत कुठं?' 'नानांना गप्पा माराय जागा पायजे, दुसरं काय.' सुभेदार प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचत. शेवटच्या चिठ्ठीला मांडीवर थाप मारून म्हणाले, "खरं हाय की!"

कोपऱ्यात एक निळी चिठ्ठी होती. तीही ते मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच थांबले. उरलेली मी मनात वाचली. 'वडील सुट्टीवर यायचे. परत निघायच्या दिवशी मला त्या पहिल्या खोलीत बसवून जायचे, मी एस.टी.मागं पळू नये म्हणून. शाळा सुटून घरी गेलो की त्यांची ट्रंक जागेवर नसायची. खोली पाडली तरी चालेल.'

"पलटणीतले बाप गावात पुष्कळ," मी म्हणाले. "कोणाची आहे, कळायचं नाही."

"कळलं. बसवणारा मीच."

त्यांचा मुलगा कोइमतूरला असे. फोन सणावारी, तोही दोन वाक्यांचा.

"त्याला वाटायचं मी गेलो," ते म्हणाले. "मी खिडकीखाली हुबा असायचो. एस.टी.चा हॉर्न वाजंस्तवर."

"हे त्याला कधी सांगितलंत?"

"कवा सांगणार? मी कायमचा घरी आलो तवा त्यो तिकडं गेल्ता."

मी चहा आणला, तो तसाच निवला. ते म्हणाले, "फळा चांगला निवडला, बाई. त्यो खरं बोलतोय."

मग त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि त्या चिठ्ठीखाली एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिलं, 'खिडकीखाली उभा असायचो. येऊ का? – वडील.'

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. खाली एका शब्दाची चिठ्ठी लागली होती. 'कधी?'

सुभेदारांनी ग्रामपंचायतीत जाऊन स्वतःच सांगितलं, "गाव म्हणतंय तसं करा." आठवडाभरात त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. "चार दिस पोराकडं ऱ्हाऊन येतो," म्हणाले. त्याला आता वर्ष होत आलं. मध्ये एकदा फोन आला. "पोरगा दुकानातनं येईस्तवर मी जेवत न्हाई, बाई. उशीर होतोय लय, पण थांबतो." आवाज तरतरीत होता. मला बरं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर घर जरा जास्तच शांत वाटलं.

जुन्या शाळेच्या जागी आता मोकळं मैदान आहे. गाड्या लावायला केलं, पण गाड्या यात्रेपुरत्याच येतात. फळा मात्र अजून आहे, कोणी बंद केलेला नाही. मी अधूनमधून उघडते. या क्षणी फळ्यावर कोण कोण आहे, ते वर उजवीकडे लहान लहान गोलांत दिसतं. तिथे एकच गोल असतो, माझा. तरी मी लगेच बंद करत नाही.