मुरमावरची माती

कोयनानगरच्या वसाहतीत नोकरीला होतो, तेव्हा सकाळच्या धुक्यातून आधी कावडीचे दोन डबे तरंगत येताना दिसायचे. त्यांच्यामधला म्हातारा मागाहून दिसायचा. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं. प्रत्येक दारातून तो भाजीची देठं, साली, चहाचा चोथा मागून न्यायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

कचरा डब्यात टाकण्याआधी तो हुंगायचा. एकदा आमच्या सालींत लोणच्याच्या फोडी निघाल्या, त्या त्यानं बोटांनी वेचून काढल्या.

"मीठ नगं, सायेब. मातीला सोसत न्हाई."

"कसली माती?"

"माजं रान धरणात गेलं. आता डोंगरावर नुसता मुरूम हाय. त्यावर माती करतोय."

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. दारावरच्या पाटीवर नावापुढं बी.ए. लिहिलेलं. मी हसलो. "आजोबा, माती कुठं माणसाला करता येते?"

"धरान मानसानंच केलं न्हवं?" म्हणाला आणि कावड उचलून धुक्यात गेला.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी तो डब्यांशिवाय आला, मूठ झाकून. माझ्या तळहातावर त्यानं ती उघडली. काळी, मऊ, ओलसर माती आणि तिच्यात नाचणीचा हिरवा कोंब.

"वास घ्या. तुमच्याच घरातली हाय."

मी हुंगली. बापाच्या धोतराला यायचा तोच वास. मी मातीतून सुटावं म्हणून बापानं मला शिकवलं होतं.

त्या दिवशी मी हात न धुताच कचेरीत गेलो.