बाईंची गुरुवारची अंडी

शेजारच्या बाई नसत्या तर मी चिंचवडात टिकलेच नसते, हे आधी सांगते. काय झालं ते मागून. आणि त्यांच्याइतकी विचित्र बाई देहूरोडपासून पुण्यापर्यंत दुसरी नव्हती, हेही. मी सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन मराठवाड्यातून इथं आलेली. पाचवा महिना सरत आला तरी पोटातलं काही हलायला तयार नाही. डॉक्टरीण म्हणायची, "ठोके छान आहेत, पहिलटकरणीला उशिरा कळतं." पण आई तिकडे लांब, माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाई पुण्याच्या कॉलेजात शिकवायच्या आणि कोंबडीच्या अंड्यात पिल्लाचे स्नायू कसे तयार होतात ते शोधायच्या. कॉलेजचा शिपाई सुट्टीत दिवे बंद करतो म्हणून अंडी घरी, एका खोक्यात बल्ब लावून. प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. अंडी यायची कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या बायकोकडून, कारण तिच्याकडे कोंबडाही होता. बाई दारातूनच विचारत, "भाभी, कोंबडा काय म्हणतो?" भाभी चिडायच्या, "कधी माणसांचं बी विचारा की! ह्यांना चार दिवस ताप हाय." त्यावर बाई घाबरून, "अगंबाई! कोंबड्याला नाही ना लागला?"

माझी काळजी ऐकून त्यांनी धीर दिला तोही त्यांच्याच पद्धतीनं. माझ्या परातीतली कणीक घेऊन तिचे बारके गोळे केले. "या पेशी. आधी सुट्या भटकतात. मग एकमेकींना चाचपतात, आपली कोण ते ओळखतात, घट्ट धरतात, आणि मधल्या भिंती विरघळून एकच लांब दोरा होतो. तो स्नायू. आधी धरायचं, मग हलायचं. तुझं अजून धरतंय."

"हात नाहीत तर धरतात कशानं?"

"बारा वर्षं मी तेच विचारतेय," असं म्हणून त्या माझ्याकडेच उत्तर असल्यासारख्या बघत राहिल्या. "एवढं कळलंय, की कॅल्शियम काढून घेतलं की सुटतात. कॅल्शियम म्हणजे चुन्यात असतं ते." एवढं मात्र मला नीट समजलं. मी विड्याला दुप्पट चुना लावला आणि दोन दिवस भाजलेल्या तोंडानं ताक पीत बसले. बाईंनी कपाळावर हात मारला आणि दूध आणून दिलं.

मग तो गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, आणि विजेलाही. एरवी बाई त्या दिवशी घरीच राहून खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवत. पण त्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती, म्हणून किल्ली माझ्याकडे दिलेली. बल्ब विझला आणि आमच्या स्टोव्हमध्ये रॉकेलचा थेंब नाही. मला काही सुचेना. शेवटी नऊ अंडी गोधडीत गुंडाळून पोटाशी घेतली आणि भिंतीला टेकून बसले. नवरा आळस देत आला, "चहा?"

"उठता येत नाही. अंडी आहेत."

"आता तूच बसलीस व्हय उबवायला?" म्हणून हसला, पण रॉकेल शोधायला गेला तो रांगेतच अडकला.

अख्ख्या गरोदरपणात मी इतकी गप्प कधी बसले नव्हते. दुपारी गोधडीखाली काहीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. वाटलं, अंडं फुटलं. चाचपून पाहिलं, नऊच्या नऊ शाबूत. पुन्हा टिचकी. तेव्हा कळलं, हे गोधडीच्या आतलं नव्हे, माझ्या आतलं.

बाई दारात दिसताच मी ओरडले, "बाई, हललं!"

"कितवं? नंबर बघ, नंबर!"

"नंबर नाही, बाई. माझं."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. अंड्यांकडे न बघता माझ्या पोटावर हात ठेवला. पुन्हा हललं, तशा हळूच म्हणाल्या, "धरलं गं, धरलं."

पेशी कशानं धरतात ते मला आजही कळलेलं नाही. बाईंनाही पुरतं कळलं नाही म्हणे. आता त्या भावाकडे असतात, त्यांचा हात थरथरतो, पण खोकं सोडलेलं नाही. लेक शाळेत जायला लागली, उड्या मारते, घरात टिकत नाही. एकदा तिला घेऊन जाईन, बाईंना म्हणेन, "तुम्ही जरा आडव्या व्हा," आणि अख्खा दिवस त्यांची अंडी पोटाशी धरून बसेन. नक्की बसेन.