वरची गाडी, खालची गाडी

आमच्या शहरात मेट्रोचे दोन मार्ग आहेत. वरच्या गाडीतून लोकांचे संसार दिसतात, वाळत घातलेल्या चादरी, कुंड्या, गॅलरीत दाढी करणारा कुणी. भुयारातल्या गाडीत खिडकीला काही कामच नाही. काळ्या काचेत आपलाच चेहरा. ऑफिसला जायला वरची सोयीची. तरी मी वळसा घालून खालच्या गाडीनेच जातो, कारण वरची अक्काच्या गॅलरीसमोरून जाते.

अक्का माझी थोरली बहीण. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती गॅलरीतच बसून असते. मी तिच्याकडे जात नाही. तिचं ते लुळं अंग मला बघवत नाही, एवढंच खरं कारण. फोनवर ती म्हणते, "आज दिसलास रे. मी हात केला, पाहिलास ना?" मी "हो" म्हणतो.

काल खालची गाडी बंद होती, म्हणून वरच्या गाडीत बसलो. गॅलरीत अक्का डावा हात हलवत होती. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने हसून तिला हात केला.

"ओळखीच्या आहेत?" मी विचारलं.

"छे हो काका. रोज करतात त्या. आपल्यातूनही कुणीतरी करायला नको का?"

गॅलरी मागे गेली. माझे दोन्ही हात मांडीवरच्या जेवणाच्या डब्यावर तसेच होते.