आम्ही केलेला गुणांचा तक्ता

काल दुपारी जळगावच्या घरी एक मजा झाली. माझी नात शिक्षिका होणाऱ्या मुलींना शिकवते. ती लॅपटॉपवर 'रुब्रिक' करत बसली होती... म्हणजे मुलींच्या प्रोजेक्टला कशासाठी किती गुण द्यायचे, त्याचा तक्ता. मी म्हटलं, "हे आम्ही धुळ्यात केलंय, माझ्या लग्नाआधी." तिला पटेना. म्हणून लिहितेय.

साल सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल. मी धुळ्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते, वय अठरा. शेवटी प्रत्येकीने एक धडा आणि त्याचं साधन स्वतः तयार करायचं होतं... त्यात नापास झालं तर सर्टिफिकेट नाही.

मी पूर्व खानदेशचा, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्याचा नकाशा केला होता. प्रत्येक तालुक्याला वेगळा रंग आणि तापी निळ्या रेशमाने भरलेली.

माझ्या खोलीत पारोळ्याकडच्या अक्का होत्या. तिशी ओलांडलेल्या, नवरा गेलेला, लहान मुलगी माहेरी ठेवून आलेल्या. त्यांना नोकरी हवीच होती. त्यांचं साधन म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या... दहा-दहाच्या जुड्या, हातच्याची वजाबाकी शिकवायला. कमी पडलं की एक जुडी सोडायची.

सराव तपासणीत एका परीक्षकांनी अक्कांना पंचवीसपैकी एकोणीस दिले, दुसऱ्यांनी सहा. आम्हाला शिकवणाऱ्या बाई वैतागल्या. "चांगलं साधन कशाला म्हणायचं, ते आधी लिहून काढू," म्हणाल्या. माझं अक्षर बरं, म्हणून पहिला कागद माझ्याकडे आला.

मी ऐटीत लिहिलं... सुबकपणा, रंगसंगती, अक्षर, मेहनत. अक्कांनी तो शांतपणे वाचला.

"यामा पोरे कोठे शेतस वं माय?"

यात मुलं कुठे आहेत, असं विचारत होत्या त्या. दुसऱ्या दिवशी आम्ही नकाशा सरावशाळेच्या फळ्यावर टांगला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तिथून माझी तापी दिसतच नव्हती.

मग आम्ही सगळं नव्याने लिहिलं. मागच्या मुलाला दिसतं का? मुलांना हातात घेता येतं का? गावात मिळेल अशा वस्तूंचं आहे का? काय शिकवायचं ते त्यातून नेमकं कळतं का? धडा संपल्यावर मुलाला स्वतः करून दाखवता येतं का? कशाला पाच, कशाला तीन, कशाला एक, तेही शेजारी लिहिलं. बाईंनी एक शब्द न बदलता तो तक्ता परीक्षेला लावला.

या वेळी दोन्ही परीक्षकांचे गुण जवळजवळ सारखे आले. अक्कांना सरासरी बावीस... मला आठ. काठावर नापास, आणि तेही माझ्याच हाताने लिहिलेल्या तक्त्यावर.

मी जेवले नाही. अक्का ताट घेऊन खोलीत आल्या. "तुनं चित्र चांगलं शे," त्या म्हणाल्या. "पन ते पोरेसना हातमा दे."

बाईंनी सुधारणेसाठी दोन दिवस दिले होते. मी कात्री घेतली आणि महिनाभर खपून केलेला नकाशा तालुक्या-तालुक्यांत कापला. मग प्रत्येक तुकड्यामागे पुठ्ठा चिकटवला.

वर्गात मुलं जमिनीवर बसून तुकडे जुळवायला लागली. यावल रावेरच्या कुठल्या बाजूला, यावरून दोन मुलींची चांगलीच जुंपली. परीक्षक बाजूला उभे राहून हसत होते. मला एकोणीस मिळाले.

अक्कांना पुढे त्यांच्याच गावाजवळ शाळा मिळाली आणि मुलगी त्यांच्याकडे राहायला आली. मी तीस-पस्तीस वर्षं शिकवलं, पण वर्गाच्या मागे जाऊन बसायचं मला अक्कांनी शिकवलं... त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मानते.