हजेरीतला भिमाजी

मेल लिहायचा म्हणजे आधी समोरच्याची खुशाली विचारायची, अशी भिमाजी लोंढेची भाबडी समजूत. चऱ्होलीच्या भाड्याच्या खोलीत शेजारची अनुया मोबाईल घेऊन बसली होती. त्यानं सांगितलेलं ‘आपण सर्व मजेत असाल’ तिनं सरळ पुसलं.

“काका, कंपनीला मेल आहे हा. विषयात ‘नोकरीबाबत चौकशी’. मग नाव, अनुभव, कधीपासून येऊ शकता. बास.”

चाकणच्या त्याच कंपनीच्या कारखान्यात ठेकेदाराचा माणूस म्हणून भिमाजीनं सहा वर्षं पत्रा दाबायची प्रेस चालवली होती. वडील अंथरुणाला खिळले तसा तो परभणीला निघाला. ठेकेदार म्हणाला, “कार्ड माझ्याकडं ठेव. एकदा नाव काढलं की परत घालताना कंपनीवाले लई नखरे करतात.” केवढा भला माणूस, असं म्हणत या शहाण्यानं गळ्यातलं कार्ड काढून दिलं. दीड वर्षानं वडील गेले, हा परतला, तर ठेकेदार फोन उचलेना. दोन महिने बायको वर्षालीच्या शिवणावर घर चाललं होतं. या महिन्यात काम मिळालं नाही तर बिऱ्हाड उचलायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तर आलं. अनुयानं ते दोनदा वाचलं.

“काका, ते म्हणतात, तुम्ही कामावरच आहात. काल दुसऱ्या शिफ्टला हजर होतात.”

सोबत फोटो होता. वर्षभर एकही खाडा न केल्याबद्दल सत्कार. हातात नारळ, टोपीच्या सावलीत चेहरा, खाली नाव भिमाजी लोंढे.

वर्षाली मशीन थांबवून उठून आली. “तुम्हीच की हे,” ती सहज म्हणाली, आणि मग फोटो मोठा करून पुन्हा बघू लागली.

दुपारी अडीचला तो कारखान्याच्या गेटसमोर उभा राहिला. बस थांबली. उतरणाऱ्यांत एकाचा उजवा खांदा उतरलेला होता, प्रेसवर उतरतो तसा, भिमाजीचा उतरला होता तसा.

“लोंढे! ओ लोंढे!” वॉचमननं हाक मारली.

“ओ,” भिमाजी म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. वळला तो दुसरा.

वळताना त्याची नजर भिमाजीवर पडली. त्यानं गळ्यातल्या कार्डावरचा फोटो पाहिला, पुन्हा भिमाजीला पाहिलं आणि पांढराफटक पडून जवळ आला. “कुठं बोलू नका, भाऊ. दोन लेकरं हायत. तुमच्या नावाला एक खाडा लागू दिला न्हाई मी.”

“तुझं नाव काय?”

माणूस थांबला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात भोंगा झाला आणि तो पळाला.

तक्रार केली तर दोघंही बाहेर. कार्ड भिमाजीनंच तर दिलं होतं. गेटवरची गोष्ट कानावर गेली असणार, संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आपण होऊन आला. “दुसऱ्या कंपनीत सोय करतो. विलास म्हणून एक पोरगा गावी गेलाय, त्याचं कार्ड हाय.” भिमाजी हो म्हणाला.

सुरुवातीला ‘विलास’ या हाकेला वळायला उशीर व्हायचा. आता होत नाही. घरी वर्षाली ‘अहो’ म्हणते, अनुया ‘काका’. नावानं हाक मारणारे वडील होते, ते गेले.

परवा बसमध्ये मागून कुणीतरी “भिमाजी, ए भिमाजी” म्हणून दोनदा हाक मारली. तो खिडकीबाहेर बघत बसून राहिला. आपल्याला हाक मारली होती, हे त्याला निगडीला उतरल्यावर कळलं.