घरच्या घरी केलेली चावी

आता हे ऐकून तुम्ही हसणार, हे मी धरूनच चालले आहे. हसा. फक्त कप खाली ठेवून हसा. मागे एकदा हेच सांगत होते, तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या नाकात चहा गेला आणि त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं.

सुरुवात केतकीपासून करायला लागेल. केतकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती बोरिवलीला, मी मुलुंडला. मध्ये अख्खं नॅशनल पार्क आहे, त्यात बिबटे आहेत, तरी तिची कीर्ती काही तिकडे अडत नाही. ती माझ्यापर्यंत पोचवतात आमच्या सासूबाई. त्या काही महिने बोरिवलीला धाकट्याकडे असतात, काही महिने आमच्याकडे. आमच्याकडे आल्या की पहिले काही दिवस नुसत्या बातम्या.

"केतकीने पाव घरी केले."

"केतकीने मिक्सर उघडून स्वतः दुरुस्त केला."

"केतकीने गॅलरीत टोमॅटो लावलेत. आणि ते येतात."

हे 'आणि ते येतात' माझ्यासाठी असतं. माझ्याही गॅलरीत कुंड्या आहेत. त्यात माती आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे केतकी स्वभावाने चांगली आहे. वाढदिवसाला पहिला फोन तिचा येतो. आखडू असती तर माझं काम किती सोपं झालं असतं, सांगा बघू. मनातल्या मनात जळायचं आणि वर 'किती गं तुझा उत्साह' म्हणायचं, याला फार ताकद लागते.

तर या खेपेला सासूबाई आल्या, पाय धुतले, पंख्याखाली बसल्या आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "अगो मेधा, केतकीन गाडीची चावी घराकच नवी केल्यान. आपणच. मोबाइलवर बघून. मी समोर बसलेलंय."

सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. रंगात आल्या की मालवणीवर येतात. त्या दिवशी फारच रंगात होत्या.

हे वर्मावर लागलं. का, ते सांगते. आमच्या गाडीची दुसरी चावी गोराईच्या खाडीत आहे. आम्ही सगळे फिरायला गेलो होतो. बोटीत चढताना माझ्या नवऱ्याने, संजयने, खिशातून रुमाल ओढला. रुमाल हातात आला, चावी पाण्यात गेली. तेव्हापासून एकाच चावीवर संसार चालला होता. 'सर्व्हिस सेंटरला जाऊन दुसरी करून घेऊ' असं संजय प्रत्येक रविवारी म्हणायचा आणि पेपर उघडायचा.

मी त्याच दुपारी चावी मागवली. ऑनलाइन. आमच्याच गाडीची, रिमोटवाली, बटण दाबलं की पातं टणकन बाहेर येणारी. ती आली तेव्हा मी ती जुन्या चावीशेजारी ठेवून पाहिली. जुनीच्या पात्यावर सगळ्या वेड्यावाकड्या खाचा. नवीचं पातं एकदम गुळगुळीत, चकचकीत. मला वाटलं, नवीन मॉडेल आहे. आजकाल फोनला बटणं राहिली नाहीत, तशा चाव्यांना खाचा राहिल्या नसतील. प्लेनच छान दिसतं, असंही वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग व्हिडिओ शोधला. कोणी एक हिंदी बोलणारा गृहस्थ गाडीत बसून शांतपणे समजावत होता. दारं बंद करा. जुनी चावी लावा. भराभर चालू-बंद, चालू-बंद करा. मग नव्या चावीचं बटण दाबा. गाडीने 'खटक' असं उत्तर दिलं की समजा, तिने नवी चावी ओळखली.

मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. पहिल्यांदा केलं तर वायपर सुरू झाले. दुसऱ्यांदा रेडिओ लागला. मग काहीच झालं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी गोखले काका दोनदा डोकावून गेले. आणि मग, अगदी सोडून द्यायच्या बेताला आले असताना, चारही दारांतून आवाज आला. खटक.

काय सांगू तुम्हाला. दहावीच्या निकालानंतर इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. मोबाइलमधला गृहस्थ पुढे "और एक ज़रूरी बात" असं काहीतरी म्हणायला लागला होता. मी त्याला बंद केलं. जरूरी ते झालं होतं.

आता तुम्ही विचाराल, त्या चावीने मी गाडी सुरू करून बघितली का? नाही. दाराच्या भोकात तरी घालून बघितली? नाही. बटण दाबल्यावर दार उघडतंय, तर घालायची कशाला? गाडी त्या दिवसांत कुठे न्यावीच लागली नाही, जुनी चावी पर्समध्येच पडून होती; मी नुसती नवी दाबत सुटले. गॅलरीतून दाबायची, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दाबायची, भाजी आणायला जाता-येता दाबायची. गाडी खाली डोळे मिचकावायची आणि मला वाटायचं, घे केतकी.

पण नुसतं मनात म्हणून काय उपयोग? सगळ्यांना दिसायला हवं. आणि संधी चालून आली. संजयच्या मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, पार्ल्याला. सासूबाई घरातल्या सगळ्यात मोठ्या, मुलीची ओटी त्याच भरणार होत्या. त्यांच्याशिवाय कार्यक्रम सुरू व्हायचा नव्हता. केतकी अर्थातच सकाळीच हॉलवर पोचली होती, रांगोळी काढायला.

मी ठरवलं, निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये एक छोटासा व्हिडिओ काढायचा आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचा. वर एकच ओळ लिहायची, 'घरीच केली.' जास्त काही नाही. मोठेपणा आपण दाखवायचा नसतो, लोकांना दिसू द्यायचा असतो.

सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं. हातात काठी, शेजारी ओटीचं सामान, मांडीवर पेढ्यांचा डबा. माझी पर्स पुढच्या सीटवर टाकली. पर्समध्ये जुनी चावी. संजय वर मोजे शोधत होता.

"आई, मी बाहेरून गाडी बंद करते आणि उघडते. तुम्ही फक्त हात हलवा," मी म्हटलं आणि बाहेर येऊन दार लावलं.

एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात नवी चावी. पहिलं बटण दाबलं. खटक. दिवे मिचकावले. सासूबाईंनी आतून हात हलवला. छान हलवला, राष्ट्रपतींसारखा.

दुसरं बटण दाबलं. काही नाही.

पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. गाडीजवळ जाऊन दाबलं, लांब जाऊन दाबलं. सासूबाई हात हलवतच होत्या, बिचाऱ्या. मी थांबा म्हटलंच नव्हतं.

मग पातं उघडून दारात घातलं. ते अर्धं आत गेलं आणि वळेना. एवढ्यात संजय खाली आला.

"काय झालं?"

"उघडत नाहीये."

"जुनी चावी कुठाय?"

"पर्समध्ये."

"पर्स कुठाय?"

मी काचेतून बोट दाखवलं. त्याने पर्स पाहिली. आपली आई पाहिली. मग माझ्या हातातली चावी घेऊन उलटसुलट केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मेधा, हिला खाचा कुठे आहेत?"

"मॉडेल नवीन आहे," मी म्हटलं. पण म्हणता म्हणता मलाच कळलं. पातं आपल्या गाडीप्रमाणे कापून घ्यायचं असतं. वाट लागली होती.

बरं, आतून दार उघडावं, तर आमची लेक लहान असताना मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलं होतं. लेक आता कॉलेजात आहे. लॉक तसंच आहे. गाडी उघडायचं लॉकचं बटण फक्त पुढे, ड्रायव्हरच्या दारावर. आणि मागून पुढच्या सीटवर जायचं म्हणजे सासूबाईंचे गुडघे, त्यात नेसलेली नऊवारी.

सासूबाईंच्या कपाळावर घाम दिसायला लागला. इतका वेळ मी केतकीचा विचार करत होते, आता पहिल्यांदा सासूबाईंचा केला. "आई, घाबरू नका हं," मी काचेला तोंड लावून ओरडले.

त्या घाबरल्या नव्हत्या. त्यांनी कनवटीचा मोबाइल काढला, डोळे बारीक केले आणि फोन लावला. आता विचार करा. माझ्या गाडीत अडकलेल्या, समोर काचेपलीकडे मी आणि त्यांचा पोटचा मुलगा उभा. फोन कुणाला लावला असेल?

केतकीला. व्हिडिओ कॉल.

त्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि मोबाइल आतून काचेला टेकवला. म्हणजे माझ्या गाडीच्या काचेत आता केतकी. केसात गजरा, गालाला रांगोळीचा रंग, मागे हॉल. आवाज ऐकायला मला काचेला कान लावावा लागला.

"मेधाताई, काळजी करू नका," केतकी म्हणाली. "आई, काठीने पर्स ओढून घ्या बघू."

सासूबाईंनी काठीची मूठ पर्सच्या पट्ट्यात अडकवली आणि आंबा पाडावा तशी पर्स मागे घेतली. जुनी चावी काढली. बटण दाबलं. गाडी ढिम्म.

संजयने मला विचारून आपल्या मोबाइलवर मी पाहिलेला त्या गृहस्थाचा व्हिडिओ लावला आणि शेवटावर नेला. तो गृहस्थ तितक्याच शांतपणे सांगत होता, "और एक ज़रूरी बात. पुराना रिमोट भी उसी वक़्त दोबारा जोड़ लीजिए, नहीं तो गाड़ी उसे भूल जाएगी."

संजयने तेवढाच तुकडा मागे नेऊन मला पुन्हा एकदा ऐकवला.

मग केतकीने सासूबाईंना काठीने ड्रायव्हरच्या दारावरचं लॉकचं बटण दाबायला सांगितलं. काठी सरकली आणि हॉर्नवर बसली. लांबलचक हॉर्न. जे शेजारी अजून गॅलरीत आले नव्हते, तेही आले. गोखले काका लेंग्यातच धावत खाली उतरले. सगळं ऐकून म्हणाले, "काच फोडायची तर फोडा, पण गाडी आधी बाहेर रस्त्यावर घ्या. पार्किंगमध्ये काचा नकोत."

"काका, गाडीत शिरता येत नाही म्हणूनच काच फोडायची आहे," संजय म्हणाला.

"ते तुम्ही बघा," काका म्हणाले.

एवढ्यात काचेतून केतकी बोलली, "मेधाताई, नव्या चावीतला सेल गेला असेल. त्या स्वस्तातल्या चाव्यांबरोबर कसले पण सेल येतात. फार वापरलीत का?"

"छे," मी म्हटलं.

"घरात छोटा वजनकाटा आहे का? स्वयंपाकघरातला? त्यात बऱ्याचदा तसाच चपटा सेल असतो."

होता. केतकी केक करते म्हणून मीही तो काटा घेतला होता. खोक्यातून कधी बाहेर काढला नव्हता. संजय वर पळाला आणि खोक्यासकट काटा घेऊन आला. केतकी एकेक सांगत गेली. फटीत नाणं घाला. फिरवा. जुना सेल काढा. अधिकची खूण वर ठेवा.

"तुला बरं हे सगळं येतं," माझ्या तोंडून गेलं. अशा वेळीसुद्धा बघा.

"एवढंच येतं हो. तेवढंच तर केलं मी त्या दिवशी. सेल बदलला."

माझा हात थांबला. "म्हणजे तू चावी केली नाहीस?"

"चावी? घरी?" काचेतली केतकी हसली. "चावी कोण घरी करतं, ताई?"

मी मान खाली घातली, झाकण बसवलं आणि बटण दाबलं. खटक. सासूबाई बाहेर आल्या. पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "गाडी लय तापता गो तुझी." बस, एवढंच. पेढ्यांचा डबा उघडलेला होता आणि बराच हलका झाला होता.

जुन्या चावीने इंजिन सुरू झालं, हे नशीब. वाटेत एसी पूर्ण वर होता. पार्ल्याला पोचलो तर दारातच माणसं मला बघून रुमाल तोंडाला लावत होती. केतकीने कॉल घेतला तेव्हा ती स्टेजजवळ उभी होती. मुलीकडची मंडळी होती, मुलाकडचीही होती. कार्यक्रम सुरू होईपर्यंत दुसरी काही करमणूक नव्हती.

ओटी भरली, अंगठ्या झाल्या. जेवताना केतकी ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

"एक सांगू, मेधाताई? तो सेल मी आईंना मुद्दाम समोर बसवून बदलला."

"का गं?"

"त्या आमच्याकडे असल्या की दिवसरात्र तुमचंच कौतुक चालतं. मेधा अशी, मेधा तशी. कधी कधी इतकी जळते मी तुमच्यावर. म्हटलं, आपणही जरा काहीतरी करून दाखवावं."

तुम्हाला कल्पना नाही, मला काय वाटलं. सकाळपासूनचा सगळा शीण उतरला. हातातला घास मी सावकाश खाल्ला, पाणी प्यायले आणि अगदी सहज, सहजच हं, विचारलं, "काय कौतुक करतात गं माझं?"

केतकीने सासूबाईंचा आवाज हुबेहूब काढला.

"'मेधाचा बघ. खयच्याच वस्तूक हात लावणा नाय. दुरुस्तीक सरळ माणूस बोलावता. म्हणान तिच्या घरात काय मोडणा नाय.'"